वॉर्डलोवर टाकलेला रुमाल

मधुसूदन आगटे ‘फुटबॉल’ म्हणाला, की वॉलॉंगॉंगमध्ये पहिला काही वेळ नुसत्या गोंधळात जातो. शेजारच्या आजोबांना वाटतं तो रग्बी लीगबद्दल बोलतोय. पोर्ट केंबलाच्या स्टीलवर्क्समध्ये त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मेलबर्नच्या पोरांना वाटतं, त्यांची फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. पुण्याहून नव्यानं आलेल्या कुटुंबांना वाटतं, वर्ल्ड कप. मधूचा फुटबॉल यातला कुठलाच नाही. त्याचा तो हेल्मेटवाला, खांद्यांवर ढाली बांधून खेळायचा, घडीघडी थांबणारा अमेरिकन फुटबॉल. आणि त्यातही कोट्यधीश खेळाडूंचा नव्हे, कॉलेजच्या पोरांचा. एवढं समजावून सांगेपर्यंत समोरच्याचा चहा संपतो. मधूला त्याचं काही वाटत नाही. तो दुसरा चहा टाकतो आणि पुढे सांगत राहतो.

हे वेड लागलं ते एमएसला गेल्यावर. चिंचवडचा, मेटलर्जी शिकलेला, कुणाशी चार शब्द बोलायचे तरी आधी मनात जुळवाजुळव करणारा हा मुलगा अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावात जाऊन पडला. गाव कसलं, एक कॉलेज आणि भोवती मक्याची शेतं. पहिले काही आठवडे रूममेट सोडला तर त्याच्याशी कुणी बोललं नाही. मग एका शनिवारी सगळं गाव एकाच रंगाचे कपडे घालून एकाच दिशेला चालायला लागलं, आणि दुसरं काही करायला नाही म्हणून मधूही मागोमाग गेला. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन होता. त्यानं सामनाभर या अनोळखी पोराला खेळ समजावला आणि शेवटी पाठीवर थाप मारून म्हणाला, पुढच्या शनिवारी इथंच बस. त्यानंतर मधू शनिवारी एकटा राहिला नाही.

पुढे मंदी आली, नोकरी गेली, व्हिसा गेला. ऑस्ट्रेलियानं दार उघडलं, स्टीलवर्क्समध्ये काम मिळालं, बायकोला, चारुताला, युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवायची जागा मिळाली आणि संसार माउंट कीराच्या पायथ्याशी रुजला. अमेरिकेतलं काहीच बरोबर आलं नाही, शनिवार तेवढा आला. तोही इथं येईस्तोवर रविवार सकाळ झालेला असतो.

मधूनं गॅरेज रिकामं केलं. गाडी बाहेर उन्हात तापायला लागली आणि आत गालिचा, जुना सोफा, भिंतीवर मोठा पडदा आला. सप्टेंबर उजाडला की दर रविवारी सकाळी गॅरेजचं दार वर जायचं, आतून पोह्यांचा वास आणि मधूची कॉमेंटरी असं दोन्ही एकदमच बाहेर पडायचं. पहिल्यांदा आला तो कुमार बेहेरे.

कुमार इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. माणूस बोलका, हजरजबाबी, कुणाच्याही घरात शिरला की दोन मिनिटांत फ्रिज उघडणारा. मधूला असा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच मित्र म्हणून मिळाला होता आणि त्याचा त्याला थोडा अभिमानच होता. कुमारला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मधूनं त्याला शिकवलं, चमचे आणि वाट्या मांडून. कुठली वाटी चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, कुठले चमचे त्याच्यापुढे भिंत धरून उभे राहणारे. कोविडच्या दिवसांत मधूची आई चिंचवडला वारली. विमानं बंद होती, त्याला जाता आलं नाही. त्या दिवशी कुमार आला, काहीएक बोलला नाही, गॅरेजमध्ये त्याच्या शेजारी बसून त्यानं एक जुना रेकॉर्ड केलेला सामना अखेरपर्यंत पाहिला. बोलका माणूस न बोलता इतका वेळ बसला, हे मधू कधी विसरला नाही.

हळूहळू दहा जण जमले आणि त्यांनी लीग काढली. प्रकार सोपा आहे. प्रत्येकाचा एक कागदावरचा संघ. अमेरिकेत कॉलेजची पोरं व्यावसायिक संघात जातात ती ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नाव पुकारून पोरगा उचलायचा. त्यांचा ड्राफ्ट एप्रिलमध्ये होतो. मग मे महिन्यात मधूच्या गॅरेजमध्ये हे दहा जण तीच पोरं आपापल्या कागदी संघांत पाळीपाळीनं उचलतात. पोरगा मैदानावर खेळला की ज्यानं उचलला त्याला गुण. बक्षीस म्हणून एक पितळी तांब्या, चारुताच्या माहेरचा, जो ती अजून परत मागते आहे.

यात मधूनं एक रीत घातली होती. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की ती जागा आपली. मग आत कितीही गर्दी असो, रुमालावर कुणी बसत नाही. तसंच इथं. जानेवारीत कॉलेजचा सीझन संपला की संक्रांतीच्या निमित्तानं सगळे जमायचे, तिळगूळ व्हायचा आणि प्रत्येकानं आपला रुमाल, खराखुरा रुमाल, सोफ्यावर टाकून एका पोराचं नाव घ्यायचं. त्या पोराला मेमध्ये दुसरं कुणी हात लावायचा नाही. लीग ज्या ॲपवर चालायची, त्यात हे कुठं नव्हतं. ॲप अमेरिकन लोकांनी केलेलं, त्यांना रुमालाचं काय कळणार. पण इतक्या वर्षांत ही रीत एकदाही मोडली गेली नव्हती. एकदा एकानं चुकून दुसऱ्याच्या रुमालावरचा पोरगा उचलला, तर त्यानं लाजून परत केला आणि पुढच्या वेळी सगळ्यांना श्रीखंड खाऊ घातलं.

मधू आणि कुमारचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, संघ बांधायचा कसा. ते भांडणही दोघांना आवडायचं.

“तू दरवर्षी उचललेली पोरं देऊन म्हातारे गोळा करतोस,” मधू म्हणायचा. “या सीझनला जिंकशील, पुढच्या सीझनला सगळे रिटायर. मग रडशील.”

“पुढचा सीझन कुणी बघितलाय, मेट? मला आत्ता जिंकायचंय. तू पोरं वाढवत बस. तुझी टीम म्हणजे बालवाडी आहे.”

“बालवाडीतलीच मोठी होतात.”

“होतात ना, मग दुसऱ्याच शाळेत जातात.”

असं म्हणून कुमार हसायचा, आणि हॉस्पिटलातून घरी जाताना गाडीतून फोन करून विचारायचा, “बरं, सिरियसली सांग, या आठवड्यात कुणाला खेळवू?” मधू सांगायचा. खरंखरं सांगायचा, स्वतःच्या संघाविरुद्धचा सामना असला तरी. चारुता म्हणायची, “तू त्याचा कोच आहेस की ऑपोनंट?” मधूला प्रश्नच कळायचा नाही. मित्रानं विचारलं तर सांगायचं, त्यात काय.

केलेब वॉर्डलो हा पोरगा मधूला सापडला तेव्हा त्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. दुय्यम कॉलेज, सामने टीव्हीवर नाहीत; अडखळत चालणाऱ्या कुठल्यातरी स्ट्रीमवर मधू ते बघायचा. क्वार्टरबॅक, लुकडा, पहिल्या वर्षी तर नुसता मार खायचा. पण मधूनं एक गोष्ट पाहिली. त्याच्यापुढे भिंत धरणारा गडी चुकला, त्यामुळे हा जमिनीवर आपटला, तरी उठल्यावर हा आधी त्या चुकलेल्या गड्याला हात द्यायचा. दर वेळी. ओरडायचा नाही, हातवारे नाहीत. आणि ते गडी मग त्याच्यासाठी जीव टाकायचे. मधूनं तीन सीझन त्याचा एकेक सामना पाहिला. कोण कुठून धावून येतंय हे पोराला आधी दिसत नव्हतं, मग उशिरा दिसायला लागलं, मग वेळेवर दिसायला लागलं, हे सगळं त्यानं घरचं मूल चालायला शिकताना बघावं तसं बघितलं. आणि बघितलेलं सगळं कुमारला सांगितलं.

या जानेवारीत सोफ्यावर मधूचा रुमाल पडला तो वॉर्डलोवर. सिडनीतल्या स्कोफिल्ड्सहून येणारा धवल, आयटीतला, लीगमध्ये तसा नवीनच, हसून म्हणाला, “मधूभाई, ये कौन है? गूगल भी नहीं जानता.” कुमारनंही हसत स्वतःचा रुमाल टाकला. तो कागदी टिश्यू होता. सगळे हसले, मधूही हसला.

एप्रिलमध्ये मात्र गूगललाही कळलं. अँझॅक डेच्या, म्हणजे पंचवीस एप्रिलच्या सुट्टीच्या, सकाळी ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशीचं प्रक्षेपण लागलं होतं. मधू आणि कुमार दोघेच गॅरेजमध्ये होते. एका चांगल्या संघानं वॉर्डलोचं नाव पुकारलं तेव्हा मधूनं चहाचा कप खाली ठेवला आणि डोळे पुसले. त्याला त्याची लाजही वाटली नाही. कुमारनं त्याला मिठी मारली.

“तुझा पोरगा गेला रे मोठ्या शाळेत,” कुमार म्हणाला.

आणि मग, बार्बेक्यूवर मासे उलटता उलटता, सहज म्हणावं तसं म्हणाला, “ऐक ना. आपल्या ड्राफ्टला तुझा नंबर दुसरा आहे. तुला तो कशाला पाहिजे? वॉर्डलो तर रुमालावर आहे, तो तुला नवव्या नंबरलाही मिळणार. तुझा दुसरा मला दे, माझा नववा तू घे, वर पुढच्या वर्षीचा माझा पहिल्या फेरीचा नंबर घे. मला चेंडू घेऊन पळणारा एक ताजा रनिंग बॅक पाहिजे, म्हातारे दमलेत माझे.”

मधूनं विचार केला. हिशेब चोख होता. त्याचा पोरगा त्याला मिळणारच होता, मित्राची अडचण सुटत होती आणि वर पुढच्या वर्षीची बेगमी होत होती. लीगचा कमिशनर म्हणून त्यानंच ॲपमध्ये ती अदलाबदल नोंदवली, माशाचे हात पुसून.

आता इथं कुणी म्हणेल, की लिहून घ्यायचं होतं. पण एसटीत रुमाल टाकणारा माणूस कंडक्टरकडून पावती घेत नाही.

मेमधल्या एका शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, सगळे जमले. चारुतानं साबुदाणावडे केले होते. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी श्रिया, एरवी गॅरेजकडे न फिरकणारी, वड्यांसाठी येऊन बसली होती. पडद्यावर ॲप उघडलेलं. पहिला नंबर धवलचा; त्यानं सगळ्यांना ठाऊक असलेला एक रनिंग बॅक उचलला. दुसरा नंबर कुमारचा. कुमारनं फोनवर बोट ठेवलं आणि पडद्यावर नाव आलं, केलेब वॉर्डलो.

मधू हसला. त्याला खरंच हसू आलं.

“अरे, चुकून दाबलंस,” तो म्हणाला. “थांब, मी मागे घेतो.” कमिशनरला ती सोय असते. तो लॅपटॉपकडे वळलासुद्धा.

“नाही रे,” कुमार म्हणाला. “राहू दे.”

“राहू दे काय? रुमाल आहे त्याच्यावर.”

कुमार वड्याकडे बघत राहिला. उत्तर दिलं ते धवलनं, आणि अगदी निरागसपणे दिलं. “लेकिन रुमालवाला रूल तो गया ना, मधूभाई? ग्रुपवर व्होटिंग झालं की.”

“कुठल्या ग्रुपवर?”

धवलनं एकदा कुमारकडे पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. लीगचा एक ग्रुप होता, मधूनं काढलेला. आणखी एक होता, ज्यात मधू सोडून सगळे होते.

“अरे तसं काही नाही,” कुमार घाईघाईनं म्हणाला. “पटापट बोलायला काढलेला. तू फार लांबलचक मेसेज टाकतोस ना, पोरं कंटाळतात. रुमालाचं सगळ्यांना वाटत होतं की ॲपमध्ये नाही तर कशाला. तुला सांगायचं राहून गेलं, दॅट्स ऑल.”

मधूनं एकच प्रश्न विचारला, धवलला. “कधी झालं व्होटिंग?”

“ईस्टरला,” धवल म्हणाला. आवाज खाली आला होता त्याचा.

यंदा ईस्टर एप्रिलच्या सुरुवातीला होता. अँझॅक डे त्यानंतर. म्हणजे बार्बेक्यूवर मासे उलटताना, ‘वॉर्डलो तर रुमालावर आहे’ असं म्हणताना, रुमाल उरलेलाच नाही हे कुमारला ठाऊक होतं. ते वाक्य तो तोंडानं बोलला होता आणि त्याच वेळी हातानं त्यानं मधूच्या ताटात मासा वाढला होता.

“डॅड, दॅट्स नॉट ओके,” श्रिया म्हणाली. मधूनं तिला हातानंच गप्प केलं. पाहुणे घरात होते. तो लॅपटॉपसमोर बसून राहिला आणि त्यानं ड्राफ्ट पुढे चालवला, कारण तो चालवणारा दुसरा कुणी नव्हता. तिसरा नंबर कुणाचा ते त्यानं पुकारलं, चौथा पुकारला. नवव्या नंबरला त्यानं कुणाला तरी उचललं. ते नाव त्याला संध्याकाळी आठवेना. चारुता वड्यांचं दुसरं ताट घेऊन आली, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि ताट तसंच आत घेऊन गेली.

त्याच्या डोक्यात वॉर्डलो नव्हताच. डोक्यात होती मिठी. अँझॅक डेच्या सकाळी मारलेली. ती मारताना कुमारच्या मनात अदलाबदलीचं ठरलेलं होतं का? की मिठी खरी होती आणि बेत नंतर सुचला? मधू ते एकदा असं, एकदा तसं लावून बघत होता, आणि दोन्हीकडून लागत होतं. आणि मग त्याच्या हिशेबी डोक्यानं मागे जायला सुरुवात केली, जे त्याला नको होतं. गाडीतून आलेले फोन. गॅरेजमध्ये न बोलता पाहिलेला तो जुना सामना. यातलं कुठलं आता ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, हे त्याला कळेना. चोर पुढचं नेतो. कुमारनं मागचं नेलं होतं.

सगळे लवकर उठले. ट्रेनचं निमित्त कुणी काढलं, मुलांच्या क्लासचं कुणी. धवल दारात घुटमळला, “सॉरी, मधूभाई, मुझे लगा आपको पता है,” म्हणाला आणि गेला. कुमार मात्र थांबला. ड्राफ्टनंतर खुर्च्या मिटायला तो दरवर्षी थांबत असे. आजही तो खुर्च्या मिटायला लागला, जसं काही झालंच नव्हतं.

“रागावलास?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

“विचारायचं होतंस,” मधू म्हणाला. “सरळ सांगितलं असतंस की मला हा पोरगा पाहिजे, तरी मी विचार केला असता.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.”

“हो. नाही म्हणालो असतो.”

“मग? कसं विचारणार?” कुमार म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. त्याला त्यात खरोखरच काही वावगं दिसत नव्हतं. “गेम आहे रे, मधू. तूच शिकवलास. मी चार वर्षांत तांब्या जिंकलेला नाही. घरी बायकोसुद्धा चिडवते. तू काय, तुला पोरं वाढवायचीच असतात, दुसरा एखादा शोधशील.”

मधूनं शेवटची खुर्ची भिंतीला टेकवली. त्याला खूप बोलायचं होतं. पण लहानपणापासूनची खोड, आधी मनात जुळवाजुळव करायची. आणि ती होईपर्यंत कुमार पुढे गेला होता.

“बरं, ते सोड. सिरियसली सांग,” तो म्हणाला. आवाज तोच, गाडीतून फोन करायचा तो. “याला मी या सीझनला लगेच खेळवू की बसवू?”

चारुता आतल्या दारात उभी होती. तिनं हे ऐकलं आणि मधूकडे पाहिलं.

मधूला एक शब्द पुरला असता. खेळव, म्हणाला असता तर कुमारनं खेळवला असता, तपासलंसुद्धा नसतं. पोरगा नव्या संघात पहिल्या वर्षी आपटणार, गुण जाणार, आणि कंटाळून कुमार त्याला ऑक्टोबरपर्यंत कुणाला तरी देऊन टाकणार. मग तो परतही मिळाला असता, कवडीमोलानं.

“बसव,” मधू म्हणाला. “पहिल्या वर्षी हात लावू नकोस. त्यांची पुढची भिंत कच्ची आहे. डाव्या बाजूनं कुणी आलं की त्याला अजून उशिरा दिसतं. दुसऱ्या वर्षी, साधारण मध्यावर, खेळव. आणि कुणी कितीही मागितलं तरी देऊ नकोस.”

कुमार ऐकत होता, मान डोलवत होता. शेवटी त्यानं मधूच्या खांद्यावर हात ठेवला. “म्हणून तर,” तो म्हणाला. “मला माहीत होतं, तू मनात ठेवणार नाहीस. चल, नंतर बोलू.”

तो गेला. चारुता पायऱ्या उतरून गॅरेजमध्ये आली.

“खरं का सांगितलंस त्याला?” तिनं विचारलं.

मधूकडे उत्तर होतं, पण ते त्याला स्वतःलाच ऐकवत नव्हतं. कुमारनं विचारलं होतं ते मधू खोटं सांगणार नाही याची खात्री असल्यामुळे. अँझॅक डेला नंबर मागितला होता तो मधू शंका घेणार नाही याची खात्री असल्यामुळे. इतकी वर्षं त्यानं मधूला नीट ओळखलं होतं, दुसऱ्या कुणीच ओळखलं नव्हतं इतकं नीट. मित्र असाच असावा, असं मधूला वाटत आलं होतं.

“मला दुसरं काही येत नाही,” तो म्हणाला, आणि सोफ्यावर बसून रडला.